आलामवरचं शेवटचं फूल

नॉर्विच, १४ जानेवारी २००७

प्रिय नानू,

आपल्या चितगावच्या डोंगरात मोबाईलला अजून परवानगी नाही, म्हणून हे पत्र. कुणाकडूनही वाचून घे, फक्त बाजारातल्या त्या दुकानदाराकडे जाऊ नकोस. तो अर्धं गिळतो आणि उरलेलं अर्धं गावाला सांगतो.

मी बरा आहे. इथे बर्फ पडत नाही, नुसता ओला गारठा. भात रोज करतो. सिदलच्या आंबवलेल्या मासळीची बरणी उघडली तेव्हा शेजारच्या खोलीतल्या पोराने खालून चौकीदाराला बोलावून आणलं, त्याला वाटलं भिंतीत काहीतरी मेलंय.

आमच्या विद्यापीठातल्या बाईंनी यंदा एक काम दिलंय. जगातल्या साम्राज्यांचा तक्ता करायचा. इंग्रज, फ्रेंच, बेल्जियन, जपानी, प्रत्येकाला एक घर. कुणाची जमीन घेतली, काय निमित्त सांगून घेतली, माणसं किती मेली, आणि पुढे माफी मागितली का. त्याच कामासाठी मी इथल्या एका लहानशा संग्रहालयाच्या तळघरात गेलो होतो. एका खणात कापडाची लांब पट्टी मिळाली. चिठ्ठीवर लिहिलंय: ‘मेजावर घालायची पट्टी, बंगाल, १८७३, एका अधिकाऱ्याकडून.’

नानू, ती मेजावरची पट्टी नाही. तो आलाम आहे. मी बाईंना सांगितलं, हे आमच्याकडे कुणी नेसत नाही, विकत नाही. मुलगी विणायला शिकते तेव्हा घरातली सगळी फुलं एका पट्टीवर उतरवून घेते, आणि मग जन्मभर तिच्यावर बघून विणते. बाई म्हणाल्या, म्हणजे पुस्तकच की. म्हटलं, आमच्या नानूचं, माझ्या आजीचं, तेवढं एकच पुस्तक होतं, आणि तेही धरणाच्या पाण्यात गेलं.

एखाद्या घराने हा आमचाच म्हणून सिद्ध केलं, तर संग्रहालय परत द्यायला तयार आहे. सोबत फोटो आहेत. नीट बघ. आपल्या घरचा असेल तर तसं लिहून तुझा अंगठा पाठव.

तुझा,
धीमान

*

दिघीनाला, २० फेब्रुवारी २००७

धीमान,

दुकानदाराकडे गेले नाही. राहेला मास्तरणीने वाचलं, आणि मी बोलतेय ते लिहितेयही तीच. होय, तीच राहेला, आपल्या फणसाखाली जिचं घर आहे ती. तू म्हणशील, नानूला सगळ्या गावात दुसरं कुणी मिळालं नाही का. आपली शिकलेली पोरं तुझ्यासारखी परदेशी गेली, आणि जी उरली त्यांच्या अर्जाला कचेरीतला कारकून हसतो. हिचं अक्षर सुबक आहे. जमीन सरकारने तिच्या बापाला दिली, अक्षर तिने स्वतः कमावलंय. आत्ता तिचं पेन थांबलं. मी म्हटलं, बोलले तसं लिही. लिहितेय.

तुझा तक्ता ऐकला. जपानी आणि बेल्जियन माझ्या दारात कधी आले नाहीत, त्यांचं तू बघ. मला तिघेच ठाऊक आहेत.

इंग्रजाने आपल्या डोंगराला कुंपण घातलं, बाहेरच्याने इथे घर करायचं नाही म्हणाला. माझे आजोबा त्याला फार चांगला म्हणायचे. कोंबड्यांनाही खुराडं आवडतं, रात्री कोल्हा येत नाही. सकाळी कोण येतं ते एकेका कोंबडीला एकेकदाच कळतं.

मग पाकिस्तान. कर्णफुली नदीवर भिंत बांधली. मोजणीवाला येऊन चिंचेला चुन्याची रेघ मारून गेला, म्हणाला पाणी इथवर येईल. पाण्याला ती रेघ वाचता आली नाही. माझ्यासारखंच, अंगठाबहाद्दर. तुझा बाप माझ्या पाठीवर होता, तुझ्या आजू-आजोबाने भाताची टोपली घेतली, आणि आलाम आढ्याला बांधलेला राहिला. मला वाटलं, उद्या येऊन काढू. त्या पाण्याची वीज करून चितगावला दिवे लागले. आमच्या नव्या टेकडीवरून त्यांचा उजेड दिसायचा, तेवढं खरं सांगते.

आणि मग आपलं हे बांगलादेशचं सरकार. त्यांच्या बोलीसाठी त्यांची पोरं गोळ्या खाऊन मेली, म्हणून त्यांनी देश मिळवला. आम्हाला वाटलं, यांना तरी कळेल. तर म्हणाले, तुम्हीही आता बंगाली व्हा. सासूचा मार खाल्लेली सून सासू झाली की काय करते, ते तुझ्या आईला विचार. मीच केलंय. पुढे गाव जळलं, आपण सीमेपलीकडे त्रिपुरात गेलो, तुझा बाप तिथल्या छावणीत वारला, तिथेच त्याला जाळला. बारा वर्षांनी परत आलो तर आपल्या फणसाखाली राहेलाच्या बापाचं घर. राहेला म्हणतेय, हेही लिहू द्या, की त्यांचं गाव नोआखालीकडे नदीने खाल्लं होतं, आणि सरकारने त्यांना ट्रकात घालून इथे आणून सोडलं, तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि फणस कुणाचा हे कुणी सांगितलं नाही. लिहिलं बघ. मी कुणाचं अडवत नाही.

फोटो भिंग लावून बघितले. आलामच आहे. वांग्याच्या बिया, खेकड्याची नांगी, सगळी फुलं ओळखली. अगदी शेवटचं तेवढं कळत नाही, कसर लागली असेल, सोडून दे.

मला तो एकदा मांडीवर हवा. आपल्या आलामवरचं एक फूल आईने मला शिकवायचं ठेवलं होतं, आणि पाणी आलं. हातात अजून एखाद्या हिवाळ्याचं काम उरलंय, जास्त नाही. अंगठा दिलाय. शाई राहेलाच्या शाळेची.

चिगोनबी, तुझी नानू

*

नॉर्विच, २५ मार्च २००७

प्रिय नानू,

तुझा अंगठा बाईंना इतका आवडला की त्यांनी त्याची झेरॉक्स काढून ठेवली.

संग्रहालय तयार आहे, पण दोन अडचणी. एक म्हणजे वस्तू घराला देत नाहीत, सरकारच्या हाती देतात. म्हणून लंडनला आपल्या वकिलातीत जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी चहा दिला, संदेशची मिठाई दिली, आपल्या मुलासारखं वागवलं. म्हणाले, ‘अर्जात आदिवासी-बिदिवासी काही घालू नका हं, आपण सगळे एकच.’ मी मान हलवली. पुढच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर सही त्यांचीच लागते.

दुसरी अडचण अशी की हा आपल्या चाकमा लोकांपैकी कुणाच्यातरी घरचा आहे एवढं पुरत नाही. आपल्याच घरचा, याची खूण हवी. ते शेवटचं फूल बाईंना कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. फोटोत तर ते स्वच्छ दिसतंय, कसर कुठेच नाही. खरंच ओळखत नाहीस?

तक्त्यात पाकिस्तानला एक घर वाढवलं. आपल्या सरकारचं राहिलं. कागदावर जागा पुरली नाही.

राहेलाकडून लिहून घेतेस ते मला बरं वाटत नाही, एवढंच म्हणतो.

धीमान

*

दिघीनाला, २० एप्रिल २००७

धीमान,

बिजूचा सण झाला. पाजोनच्या कालवणात बावीस भाज्या पडल्या, राहेला दोन वेळा वाढून घेऊन गेली. तुला बरं वाटत नाही ते तिनेच मला वाचून दाखवलं, आवाज न बदलता. तू तिच्या जागी असतास तर ती ओळ गिळली असतीस.

कागदावर जागा पुरली नाही म्हणतोस. कागद केवढा होता रे? बेल्जियन मावला, जपानी मावला, आणि घरचा तेवढा बाहेर राहिला. सही हवी आहे असं लिहिलं असतंस तर मी काय रागावले असते? तुझ्या बापाने छावणीत रेशनसाठी यापेक्षा जास्त माना हलवल्या. पण त्याने घरी येऊन खरं सांगितलं.

मी तुला शिकवायला निघालेय, आणि खोटं मीही बोललेय. ते फूल मी बघताक्षणी ओळखलं. राहेला, हे हळूहळू लिही, मला एकदाच सांगायचंय.

माझ्या आजीची आजी गावच्या देवानाची, म्हणजे मुखियाची, मुलगी. एका वर्षी बांबूला फुलं आली, उंदीर झाले, डोंगरात दाणा उरला नाही. देवानाच्या कोठीत होता. ख्यांग जमातीचं एक जोडपं वरून उतरलं, दोन टोपल्या भात घेतला, आणि आपली पोरगी ठेवून गेलं. पीक आलं की नेऊ म्हणाले. पीक आलं तेव्हा ते आले, देवान म्हणाला, कोण पोरगी? तिने जन्मभर आमच्याकडे पाणी भरलं आणि विणलं. देवानाच्या मुलीला मागावर बसायचा कंटाळा, म्हणून तिचा आलामही या पोरीनेच विणला. सगळी फुलं आमची घातली, आणि शेवटी एक तिच्या आईचं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तो घरात होता तोवर आमच्याच पोरींनी तो आपापल्या पट्टीवर उतरवून घेतला, पुढच्या त्यावरून शिकत गेल्या आणि ते आमच्या घरचं फूल झालं. दुसऱ्या कुठल्याही चाकमा घरात ते नाही. घे तुझी खूण.

आणखी एक. इंग्रज साहेबाने तो चोरला नाही. साहेब होडीने आला तेव्हा देवानाने मध दिला, दोन कोंबडे दिले, आणि तो आलाम दिला. आलाम कुणी कुणाला देत नाही, पण त्या पोरीने विणलेला म्हणून तो द्यायला हरकत वाटली नसावी. साहेबाने चांदीच्या मुठीची काठी दिली. त्या काठीची गोष्ट आमच्याकडे तीन पिढ्या सांगितली गेली. पोरीचं नाव कुणालाही आठवत नाही.

ख्यांग आपल्याहून थोडे. माझ्या लहानपणी त्यांच्या पाड्यात गेलं की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची. मला ते आवडायचं, मी मुद्दाम जायची.

तर तुझ्या तक्त्यात आम्हालाही एक घर कर. कुणाला लुटलं, तर आपल्याहून लहान होते त्यांना. निमित्त काय, तर भुकेल्याला जेवू घातलं. तुझे इंग्रजही हेच सांगत असतील. माफी, नाही. त्यांचं सगळं मोठ्या मापाचं, जहाजं भरभरून. आपल्याकडे जहाज नव्हतं, म्हणून एकच पोरगी.

तरीही मला तो आलाम हवाय, आता जास्तच. मांडीवर घेऊन ते फूल शिकेन आणि मग तो चंद्रघोण्याच्या वर ख्यांगांची घरं आहेत तिथे माझ्या हाताने देऊन येईन. हे सगळं तुझ्या बाईंना सांग. सगळं, अर्धं नको.

नानू

*

नॉर्विच, ३० ऑगस्ट २००७

प्रिय नानू,

इतके महिने पत्र पाठवलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

आलाम गेल्या आठवड्यात ढाक्याला रवाना झाला. ‘हे फूल फक्त आमच्या घरात विणतात’ एवढंच मी सांगितलं. त्यांना ते पटलं. बाकीचं नाही सांगितलं. बाई म्हणाल्या असत्या, मग हा ख्यांगांचा, त्यांच्याकडून अर्ज आणा. आणि साहेबाला भेट दिली म्हटल्यावर संग्रहालय परत देतं कशाला? सगळं खरं सांगितलं असतं तर तो तळघरातच राहिला असता. तू बोलली नाहीस असं काही मी लिहिलेलं नाही.

वकिलातीत छोटा समारंभ झाला. माझ्या कागदावर सही झाली. ढाक्यात एका जुन्या हवेलीत नवं दालन उघडतंय, तिथे तो लावतील, मग ‘यथावकाश’ आपल्याकडे रांगामातीला पाठवतील. मला दोन वर्षं येता येणार नाही. तू कुणाला तरी घेऊन जा आणि बघून ये.

तक्त्याला पहिला नंबर मिळाला.

धीमान

*

दिघीनाला, १८ फेब्रुवारी २००८

धीमान,

पहिला नंबर आला, छान झालं. तुझी आई तो सगळ्या गावाला सांगत फिरतेय.

ढाक्याला जाऊन आले, राहेलाबरोबर. बस तीनदा थांबवली. तिन्ही वेळा शिपायाने माझं बोचकं उघडलं, तिचं एकदाही नाही. तिसऱ्या वेळी राहेला म्हणाली, ‘अहो, माझी पण पिशवी बघा की.’ तो म्हणाला, ‘तुमची कशाला आपा?’ ती दाऊदकांदीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच तिला त्याची आपा, त्याची ताई केलं.

दालनाच्या दारावर पहारेकऱ्याने राहेलाला विचारलं, ‘यांना बांगला कळते का?’ मी म्हटलं, ‘बाबा, तुझी बांगला मला चांगली कळते, मी फक्त उत्तर देत नाही.’ तेव्हापासून तो मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागला. बरिशालचा आहे, त्याला तीन मुली.

आलाम काचेत आहे. पाठ बाहेर करून लावलाय. सगळ्या गाठी, सगळे दोरे वर, आणि तोंड भिंतीकडे. मी पहारेकऱ्याला सांगितलं, पोरा, हा उलटा आहे. तो म्हणाला, ‘खाला, वर मोठे पंडित आहेत, विलायतेच्या कागदावर बघून लावलाय.’ म्हटलं, पंडितांना एकदा विचार, ते अंगरखा कसा घालतात. तो हसला आणि मला स्टूल आणून दिलं.

खरं सांगायचं तर उलटा होता ते माझ्या पथ्यावर पडलं. फुलाचं तोंड बघून फूल येत नाही. दोरा कुठून शिरला आणि कुठे वळला ते पाठीवरच दिसतं. बंद करायची घंटा होईपर्यंत मी बसून होते. ती पोरगी बारा दोरे सोडून तेरावा उचलायची, आणि दर चौथ्या ओळीला एक मागे यायची. आपल्यात असं कुणी मागे येत नाही. मांडीवर नाही मिळाला. काचेला हात लावला तर आत भोंगा वाजतो.

राहेलाने खालची पाटी वाचून दाखवली. ‘हा चाकमा स्त्रियांचा आलाम, दिघीनाल्याच्या चिगोनबीच्या घरचा, आणि यातलं शेवटचं फूल एका ख्यांग मुलीने विणलेलं आहे.’ पाटी केवढीशी, दोन बोटांची, आणि तिच्यात सरकारने एवढं सगळं बसवलं. मी राहेलाला म्हटलं, बाई, बारीक लिहायला हे लोक कधी शिकले? ती खिडकीबाहेर बघत होती. मग मी पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

घरी येऊन ते फूल विणलं. अकराव्या खेपेला जमलं. पट्टी घेऊन चंद्रघोण्याच्या वर गेले. ख्यांगांची एक म्हातारी भेटली, माझ्याच वयाची, कागद कारखान्याला बांबू तोडून देण्यात जन्म गेलेला. मला बघून उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं आणि पट्टी तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, हे तुमचं. तिने उलटून बघितलं, दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि घडी करून मला परत दिली. म्हणाली, ‘नाही ताई, आमच्यात असलं नाही. हे तर तुम्हा चाकमांचं.’

मी तिला पुन्हा सांगितलं. पोरगी, भात, देवान, सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘असेल बाई. मोठ्या घरच्या गोष्टी.’ आणि मला पाणी द्यायला उठली.

पट्टी माझ्याकडे आहे.

नानू

*

धीमानभाई,

वरचं पत्र मी नानींना वाचून दाखवलं, त्यांनी अंगठा दिला, त्यानंतर हे माझं मी लिहितेय.

पाटीवर तसं काही नाही. पाटीवर आहे: ‘बंगाली ग्रामीण स्त्रियांची मेजपट्टी. परदेशातून परत मिळवलेला राष्ट्रीय ठेवा.’ बस, दोन ओळी. त्या स्टुलावर बसून इतक्या शांतपणे मोजत होत्या की मला ते वाचवेना. जे असायला हवं ते वाचलं. त्यांना शंका आलेली नाही, तुम्हीही कळू देऊ नका.

परत आल्यावर मी पाटी दुरुस्त करण्याचा अर्ज मागवून घेतला. छापील आहे. नाव, पत्ता, शिक्षण सगळं भरलं. तिथले कारकून म्हणाले, अर्ज लिहिता-वाचता येणाऱ्यानेच करायचा, अंगठा चालत नाही, म्हणून तो माझ्याच नावाने जाईल. पत्ता मी फणसाखालचाच घातलाय, दुसरा मला नाही.

पुढे एक ओळ रिकामी आहे, ‘अर्जदाराचे वस्तूच्या मालकाशी नाते’. महिना झाला, ती तशीच आहे. तिथे काय लिहायचं ते तुम्ही कळवा.

राहेला